दोन सेंटर आणि बाबांचे कान

होम थिएटर घेतलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "एवढे डबे लावलेत, मग डायलॉग का कळत नाहीत?" आमच्याकडे तो बाबा विचारायचे. हल्ली विचारत नाहीत. पिक्चर अर्धा झाला की गुपचूप उठून आत जातात. म्हणून हा सगळा खटाटोप.

संवाद बहुतेक सगळे सेंटर स्पीकरमधून येतात. थिएटरात तो पडद्यामागे असतो आणि पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यामुळे आवाज थेट हीरोच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. टीव्हीला भोकं पाडायची सोय नाही! मग बिचारा सेंटर जातो खाली, कॅबिनेटवर. तरी आपलं निभतं, कारण हलणारे ओठ दिसले की मेंदू आवाज तिथेच नेऊन चिकटवतो. रामदास पाध्यांचा अर्धवटराव याच भांडवलावर बोलतो.

तर आमच्या मामांची आयडिया: "एकाने भागत नाही ना, मग दोन लाव. एक टीव्हीच्या वर, एक खाली." दुकानदारही हेच सुचवतात, पण त्यांचा हेतू वेगळा :) योगायोगाने माझ्याच मॉडेलचा आणखी एक सेंटर घरात पडून होता. मित्र कॅनडाला जाताना ठेवून गेलेला. म्हटलं शनिवार आहे, बघू या.

आता थोडं फिजिक्स. तोच आवाज दोन ठिकाणांहून निघाला की जवळच्याचा आधी पोचतो, लांबच्याचा मागून. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १००० हर्ट्झची एक लाट ३४ सेंटिमीटरची. दोन्ही स्पीकर तुमच्या कानापासून ज्या अंतरावर आहेत त्यात १७ सेंटिमीटरचा फरक असला, की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि १००० हर्ट्झ जवळजवळ गायब! मग ३०००, मग ५०००... आलेख काढला तर कंगव्यासारखा दिसतो, म्हणून याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. दोन सेंटर शेजारी शेजारी ठेवले तर सोफ्यावर मधोमध बसलेला खूश आणि बाकीच्यांच्या नशिबी कंगवा. त्यामुळे तो प्रकार कागदावरच बाद.

वर-खाली ठेवले तर मात्र हिशेब बदलतो. डावीकडे सरका की उजवीकडे, कान दोघांपासून साधारण सारख्याच अंतरावर राहतात. अट एकच, सगळ्यांचे कान एका उंचीवर हवेत. ही अट घालणाऱ्याने आमचा हॉल पाहिलेला नाही. मी सोफ्यावर, आई खाली चटईवर मेथी निवडत, आणि बाबा आरामखुर्चीत रेलून. टेप घेऊन मापलंच. खालचा स्पीकर ४५ सेंटिमीटरवर, वरचा १४५ वर, बसायचं अंतर अडीच मीटर. माझा कान ९५ वर, म्हणजे बरोब्बर मधे, काहीच प्रॉब्लेम नाही. बाबांचा ७५ वर. फरक निघाला जेमतेम ८ सेंटिमीटर. पण त्याने खड्डा पडतो २२०० हर्ट्झच्या आसपास, पुढचा ६६०० च्या. स, श, फ, थ ही सगळी मंडळी त्याच वस्तीत राहतात!

वायरिंगचं एक सांगून ठेवतो. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओहम होतात. माझ्या रिसीव्हरच्या पाठीवर '६ ते १६' छापलंय, म्हणून सीरिजमध्ये जोडले, १६. यात प्रत्येकाला निम्माच व्होल्टेज मिळतो, त्यामुळे दोघे मिळून आवाज एकट्याइतकाच. मामा हिरमुसले. "अरे, वाढला कुठे?" पण मला तेच हवं होतं. आवाज मोठा झाला की सगळ्यांनाच तो 'क्लिअर' वाटतो.

मग परीक्षा. बाबा रिटायर्ड शिक्षक, आयुष्यभर मुलांना श्रुतलेखन घातलेलं. मी वीस शब्द रेकॉर्ड केले: साप, शाप, ताप, थाप, पास, फास असे. प्रत्येक वेळी क्रम बदलून वाजवले आणि बाबांनी वहीत लिहिले. एक सेंटर, आरामखुर्ची: तेरा बरोबर. दोन सेंटर, आरामखुर्ची: अकरा. दोन सेंटर, सोफा: पुन्हा तेरा. वीस शब्दांवर थिसिस होत नाही हे मलाही कळतं.

वही मी तपासणार होतो. बाबांनी ती ओढून घेतली, चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि स्वतःच तपासली. 'शाप'च्या जागी तिन्ही वेळा 'साप'. सोफ्यावरसुद्धा, आणि एका स्पीकरवरसुद्धा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सात चुका स्पीकरच्या नाहीत रे."

दोन वर्षं आम्ही कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की ते पेपर उघडायचे. यावेळी नंबर त्यांनीच फिरवला. पुढच्या शनिवारी अकराची वेळ मिळालीय.

असो. वरचा सेंटर काढला. खालच्याच्या पुढच्या कडेखाली दाराचे दोन रबरी स्टॉपर सरकवून त्याचं तोंड आरामखुर्चीकडे वर केलंय, सेंटरची लेव्हल ३ डेसिबल वाढवलीय आणि मोठे-लहान आवाज जवळ आणणारा नाईट मोड दिवसाही चालू ठेवलाय. काल बाबा शेवटपर्यंत बसले होते. सबटायटल्स मात्र आईने लावून ठेवलीत, ती काढायची नाहीत म्हणते.