चार पानांची शिल्लक

ग्लॅडिओलसला ना देव्हाऱ्यात जागा, ना वेणीत. सत्काराच्या गुच्छात तेवढा तो दिमाखाने मिरवतो. नाव लॅटिन, अर्थ छोटी तलवार. पाने तशीच असतात. आमच्या घरी मात्र या फुलाचा हिशेब निराळा. माझी कॉलेजची फी याच वाफ्यांतून निघते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन-तीन इंच खोल कंद लावायचे. अडीच-तीन महिन्यांत दांडा येतो. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की तो कापायचा. उरलेल्या कळ्या पाण्यात खालून वर उमलत जातात. मोह इथेच पडतो. लांब दांड्याला भाव जास्त. पण खालून कापावा, तर पानेही त्याच्याबरोबर जातात. चार-पाच पाने झाडावर ठेवल्याशिवाय आई सुरी लावू देत नाही.

कारण लावलेला कंद दांड्याला पोसता पोसता सुकतो आणि त्याच्या माथ्यावर नवा कंद धरतो. त्याला पोसायचे ते या उरलेल्या पानांनी. म्हणून पुढे दीडेक महिना, पाने पिवळी पडू लागेपर्यंत, बिनफुलांच्या झाडांना पाणी द्यायचे. मग कंद काढून सावलीत सुकवायचे.

यंदा फुलवाला म्हणाला, "ताई, दांडा लांब द्या, भाव वाढवतो."

आई म्हणाली, "आणि पुढच्या वर्षीचे कंद तुम्ही देणार का?"

परीक्षेच्या फीला त्या महिन्यात पैसे कमी पडले, ते उसने आणले. वाफ्यात पाने मात्र हिरवीगार उभी होती.