एका सामन्यावर अख्खं वर्ष

खेळावर निबंध लिहा म्हटलं की तुमच्यातले निम्मे 'माझा आवडता खेळ क्रिकेट' लिहून मोकळे होतात. आज आपण जरा वेगळा विषय घेऊ. आपल्या धाराशिव जिल्ह्यात फुटबॉल खेळणारी पोरं थोडी, पण मोबाइलवर पाहणारी बरीच झाली आहेत. त्यांना मोठ्या संघांची, मोठ्या खेळाडूंची नावं तोंडपाठ असतात. मला मात्र त्या मोठ्या लीगच्या एक पायरी खाली, दर मे महिन्यात जे घडतं, ते जास्त ओढून घेतं. त्याला 'प्ले-ऑफ' म्हणतात. मराठीत 'पदोन्नती सामने' म्हणता येईल, पण ते ऐकलं की तहसील कचेरीत बदल्यांची यादी लागल्यासारखं वाटतं. मी आपला 'बढतीचे सामने' म्हणतो.

आधी हे चालतं कसं ते बघू. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खाली 'चॅम्पियनशिप' नावाची लीग आहे. तिच्यात 24 संघ, प्रत्येकाचे 46 सामने. ऑगस्टपासून मेपर्यंत, पावसात, चिखलात, कडाक्याच्या थंडीत हे सगळं चालतं. शेवटी पहिले दोन संघ थेट वर जातात, तळातले तीन खाली उतरतात. वर जायची तिसरी जागा मात्र अशी सरळ मिळत नाही. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना त्यासाठी पुन्हा झुंजावं लागतं. तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी, दोन-दोन सामने. त्यातून उरलेले दोघे अंतिम सामन्यात, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर. तिथे सामना एकच. ही पद्धत 1987 साली सुरू झाली. त्या एका विजयाची किंमत आज हजार कोटी रुपयांच्या वर धरली जाते, कारण प्रीमियर लीगमध्ये पाऊल टाकलं की टीव्हीच्या हक्कांचा पैसा येतो.

आता 24 मे 2025 चा सामना घ्या. शेफिल्ड युनायटेड विरुद्ध संडरलँड. शेफिल्ड तिसरे, 90 गुण. संडरलँड चौथे, 76 गुण. म्हणजे तब्बल 14 गुणांचा फरक, बरं का! शेफिल्डने पहिला गोल केला, दुसराही केला होता, पण पंचांनी व्हिडिओ पाहून तो रद्द केला. 76व्या मिनिटाला संडरलँडची बरोबरी. आणि 90 मिनिटं उलटून गेल्यावर, 95व्या मिनिटाला टॉमी वॉटसन नावाच्या 19 वर्षांच्या पोराने दुरून चेंडू जाळ्यात मारला. संडरलँड वर, शेफिल्ड तिथेच. शेफिल्ड युनायटेडची ही प्ले-ऑफची दहावी खेप होती आणि दहाही वेळा हा संघ रिकाम्या हाताने परतला आहे. वॉटसनची गंमत अशी, की तो दुसऱ्या क्लबात जाणार हे आधीच ठरलेलं होतं. संडरलँडच्याच अकादमीत वाढलेला हा मुलगा आपल्या क्लबाला वर चढवून स्वतः निघून गेला.

नववीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, मग वर्षभर खेळून काय उपेग? चौदा गुण कमी असताना ते वर गेलेच कसे?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग खो-खो खेळणारी एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं तर तालुक्याला एक मॅच हरली की वर्ष संपलं. त्यांना निदान 46 तरी मिळाल्या."

त्यावर वर्ग गप्प झाला. तिचं म्हणणं नीट समजून घ्या. आपल्या शालेय स्पर्धांची शिडी तुम्हाला माहीत आहे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. प्रत्येक पायरीवर बाद फेरी. पाय मुरगळला, पंचांचा एक निर्णय विरुद्ध गेला, की पुढच्या वर्षीपर्यंत घरी. याच मातीतल्या सारिका काळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार झाल्या, 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवं. पण तालुक्यालाच बाद झालेल्या किती चांगल्या मुली कुणाला दिसल्याही नाहीत, हे मला दर हंगामात मैदानाच्या कडेला उभं राहून दिसतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शेफिल्डवर थोडा अन्याय होतोच. वर्षभराच्या कष्टाला त्या शेवटच्या सामन्यात काहीच वजन नाही, हे मला पटत नाही. इटलीच्या दुसऱ्या लीगमध्ये यावर बरा तोडगा आहे. तिथे प्ले-ऑफमध्ये बरोबरी झाली तर सहसा गुणतक्त्यात वर असलेला संघ पुढे जातो, आणि तिसरा संघ चौथ्याच्या फारच पुढे असेल तर प्ले-ऑफ होतच नाहीत. इंग्लंडने यातलं काही घ्यायला हरकत नव्हती. तरीही प्ले-ऑफ बंद करा असं मी म्हणणार नाही. मार्च महिन्यात दहाव्या क्रमांकावर असलेल्या संघाचे प्रेक्षकसुद्धा 'अजून सहावा नंबर गाठता येईल' म्हणून मैदानावर येतात. लुटन टाउन हा संघ 2009 साली घसरत घसरत पाचव्या पायरीवर गेला होता. 2023 साली हाच संघ वेम्ब्लीवर पेनल्टी किकवर कव्हेंट्रीला हरवून प्रीमियर लीगमध्ये पोचला. त्यांच्या जुन्या मैदानाचं एक प्रवेशद्वार चक्क चाळीसारख्या घरांच्या रांगेखालून जातं. एकाच वर्षात ते पुन्हा खाली आले, ते सोडा. जाऊन तर आले!

आता तुम्ही म्हणाल, सर, हे झालं इंग्लंडचं. आपल्याकडे काय? आपल्याकडची गोष्ट जास्त बोचणारी आहे. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. पैसा, टीव्ही, सिनेमातले मालक, सगळं आलं. पण त्या लीगमध्ये खालून वर जायला वाटच ठेवली नव्हती. जुन्या आय-लीगमध्ये तुम्ही कितीही जिंका, तुमच्या डोक्यावर छत पक्कं. 2016 साली गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो या क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगच सोडली. धेंपो तर नुकताच दुसऱ्या विभागातून जिंकून वर आला होता. ज्या गोव्यात फुटबॉल म्हणजे गावची जत्रा, तिथले हे संघ.

त्याच वर्षीचा गुणतक्ता पाहा. आय-लीगमध्ये नऊ संघ. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स शेवटचा, नववा. पण या संघाला थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे खाली जाण्यापासून संरक्षण होतं. म्हणून आठवा आलेला मिझोरामचा ऐझॉल एफसी खाली गेला. आपला महाराष्ट्राचा संघ वाचला म्हणून मला तेव्हा आनंद झाला नाही, खरं सांगतो. इंग्लंडच्या प्ले-ऑफमध्ये कमी गुणांचा संघ वर जातो, पण मैदानावर हरवून जातो. इथे मैदानावरचा निकाल कागदाने उलटा केला होता.

पुढे काय झालं? गोव्याचे संघ बाहेर पडल्याने जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं. त्यांनी प्रशिक्षक घेतला खालिद जमील. मुंबई एफसीने वर्षानुवर्षं ज्यांच्या हाताखाली आय-लीगमध्ये आपली जागा टिकवली आणि 2016 साली ज्यांना निरोप दिला, तेच हे. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही ऐझॉलकडे गेले. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये ऐझॉलने शेवटचा सामना 1-1 असा बरोबरीत सोडवला आणि 37 गुणांसह लीग जिंकली. मोहन बागान 36 वर. वर्षभरापूर्वी खाली ढकललेला संघ भारताचा विजेता! तरीही त्यांना वर जायला जागा नव्हतीच, कारण सुपर लीगचं दार बंदच होतं.

ते दार उघडलं 2023 साली. आय-लीग जिंकून पंजाब एफसी वर गेला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. त्यानंतरच्या हंगामात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स विजेता म्हणून जाहीर झाला, पण वाद थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै 2025 मध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळालं. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी हेही सांगितलं. तो म्हणाला, "सर, यापेक्षा एक मॅच खेळवून टाकायची होती की."

खालिद जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. आणि मुंबई एफसी? ऐझॉल जिंकला त्याच हंगामात हा संघ तळाला, दहावा आला आणि खाली गेला. पुन्हा वर येण्यासाठी खेळलाच नाही, क्लब बंद झाला.