लिल्याला आधी कोणी विकले?



मुर्रीतल्या आम्हा काही कार्यकर्त्यांमध्ये सध्या एका परदेशी सिनेमावरून वाद चालू आहे. सिनेमा 2002 चा, ‘लिल्या फॉर-एव्हर’, स्वीडिश दिग्दर्शक लुकास मूडिसन यांचा. तो पाहून झाल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, “पोरगीच मूर्ख होती. त्या आंद्रेईच्या मागे कशाला गेली?” हे वाक्य आमच्या वस्तीत सिनेमा न पाहताही ऐकू येते, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरचे एक भकास गाव. सोळा वर्षांच्या लिल्याला मागे टाकून आई मित्राबरोबर अमेरिकेला जाते आणि पुढे पत्र पाठवून पालकत्वही सोडते. नात्यातली बाई तिला चांगल्या घरातून काढून एका घाणेरड्या खोलीत टाकते. पैशासाठी पुरुषाबरोबर जाते ती तिची मैत्रीण, पण बापाला पैसे सापडल्यावर ती लिल्याचे नाव पुढे करते. झाले. सगळ्या गावात लिल्याच बदनाम. लिल्या खरोखर त्या वाटेला जाते ती यानंतर, घरात अन्न नाही आणि वीज कापलेली असताना. तिच्याशी माणसासारखा वागतो फक्त वोलोद्या, बापाने घराबाहेर काढलेला एक लहान पोरगा. मग आंद्रेई येतो, गोड बोलतो, स्वीडनमध्ये काम देतो म्हणतो. तिथे पासपोर्ट जातो आणि दाराला बाहेरून कुलूप लागते.

आता सांगा, दलाल कितव्या नंबरवर आला? आई, नातलग, मैत्रीण, शेजार, सगळ्यांनी आपापला हात आधीच काढून घेतला होता. आंद्रेईला फक्त तिकीट काढायचे होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. गिऱ्हाइकांच्या प्रसंगात कॅमेरा लिल्याच्या डोळ्यांच्या जागी आहे. तिचे शरीर दिसत नाही, वर आलेले पुरुषांचे चेहरे दिसतात. आपल्याकडे या विषयावर बोलताना बाईची जात, गरिबी, चारित्र्य सगळे निघते. विकत घेणाऱ्याचा चेहरा कधी निघत नाही.

सिनेमामागची घटना खरी आहे. लिथुआनियाहून आणलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने माल्मो शहरात पुलावरून उडी मारली, ती जानेवारी 2000 मध्ये मेली. शरीर विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा स्वीडनने 1999 च्या जानेवारीपासून लागू केला होता. म्हणजे कायदा एक वर्षाचा झालेला होता. कायदा नको असे आम्ही म्हणत नाही. आपल्या संविधानाचे कलम 23 माणसांच्या व्यापाराला मनाई करते, ते आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. पण कलम दार ठोठावायला येत नाही.

हे युरोपातले दुखणे म्हणून सोडूनही देता येत नाही. गोंदियाहून रेल्वेत बसले की नागपूर. तिथली गंगाजमुना वस्ती ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी रस्ते अडवून बंद केली. शहरात मोठा वाद झाला: वस्ती राहावी की जावी. त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी कुठे जायचे, त्यांना खोली कोण देणार, पोरांना शाळेत बापाचे नाव विचारले तर काय, यावर त्या मानाने फारच कमी बोलले गेले.

इथे आमचे काही मित्र बाबासाहेबांचे भाषण काढतात. 16 जून 1936, परळचा दामोदर हॉल. देवदासी, जोगतिणी, पोतराज, आराधी यांची सभा. बाबासाहेब कामाठीपुऱ्यातल्या बायकांबद्दल कठोर बोलले, हे जीवन सोडाच म्हणाले. खरे आहे. पण सभा कोणाची होती? जिला समाज तोंडावर दार लावतो, तिला चळवळीच्या सभेत समोर बसवून ते बोलले, तेही मुंबईतल्या महार परिषदेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, धर्मांतराच्या ऐन तयारीत. सोडा म्हणण्याचा अधिकार त्यातून आला. लग्न करून संसार करा, हा त्यांचा त्या काळचा सल्ला होता. आज आम्ही त्याच्या आधी तिच्या नावावरची खोली आणि हाताला काम लावू. भाषणातला कठोरपणा तेवढा उचलायचा आणि सभेची हाक विसरायची, हा सोयीचा आंबेडकरवाद झाला.

देवदासीची प्रथा कोल्हापूर-सांगलीकडची, आपल्या झाडीपट्टीत ती नाही, असाही एक मुद्दा निघाला. नसू दे. धान कापून झाले की कामाला बाहेर जाणारे लोक इथे आहेत, आणि नेणारे ठेकेदारही आहेत. परत आलेल्या मुलीबद्दल नळावर काय बोलले जाते ते सगळ्यांना माहीत आहे. लिल्याची मैत्रीण तरी घाबरून खोटे बोलली होती. आपल्याकडचे लोक तर वेळ जावा म्हणून बोलतात.

आमच्या बैठकीत सूचना आली की बाहेर कामाला जाणाऱ्या मुलींची नोंदवही विहारात ठेवावी. आमच्यातल्या एका ताईने ती तिथेच फेटाळली. मुलींची नावे लिहिली तर ती वही दोन महिन्यांत चारित्र्याची वही होईल, असे तिचे म्हणणे. नोंद ठेवायची तर नेणाऱ्याची ठेवा, त्याचे नाव, फोन, कामाचा पत्ता, ठरलेली मजुरी. आम्हाला ते पटले. ठेकेदारांना विहारात बोलावून सही घ्यायची की त्यांच्या घरी जायचे, यावर रविवारी वंदनेनंतर बोलायचे आहे. मुर्रीच्या आसपासच्या गावांतून कोणी यायला तयार असेल तर यावे.