बांधावर

९ ऑक्टोबर
मामा पहाटे गेले. विहिरीजवळच्या लिंबाखालीच अग्नी द्या, असं वर्षभर सांगत होते. पण वाटणीत तो लिंब धाकट्याकडे गेलेला. "जमीन विकायचीय, घेणारा बिचकेल," तो म्हणाला. थोरला म्हणाला, "मग अमरधामात न्या." ओट्यावर मामा आणि अंगणात टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप. पिंपळगावच्या मार्केटातला लिलाव कुणासाठी थांबत नाही; ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता. तेवढ्यात तिरडीच्या बांबूंचे पैसे कुणी द्यायचे यावरून दोघा भावांत जुंपली आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून गोठ्यामागे गेले. तिथे रडले.

शेवटी मामी उठली. "बांध दोघांचाय ना? तिथं रचा."

१८ ऑक्टोबर
दहावा झाला. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. रात्री सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' काढलं. १९७४ साली पुण्यात थिएटर अकॅडमीनं ते रंगमंचावर आणलं. चंद्रकांत काळे भाऊराव, संगीत आनंद मोडकांचं. मेलेले भाऊराव उठून कीर्तनाच्या ढंगात बोलू लागतात आणि मला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतात. ते स्मशान तर बंद होतंय. चाळकरी जमतात, सल्ले देतात. पोरगा नाना प्रेत घेऊन अडकतो.

याला काळा विनोद म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. मेलेल्या माणसाचं मागणं एकच असतं, जिवंतांच्या सोयी शंभर. हसू त्या ओढाताणीतून येतं, मेलेल्याला ते लागत नाही. आळेकरांनी भाऊरावांना बोलायला लावलं, हीच मला या नाटकातली सगळ्यात मोठी माया वाटते. आमच्या मामांना ओट्यावरून उठून दोन शब्द बोलता आले असते तर!

२४ नोव्हेंबर
दोन्ही भावांच्या बागा छाटून झाल्या, नव्या फुटी हातभर झाल्या. बांधावर राखेची जागा अजून काळी आहे. दोघेही तिथून ट्रॅक्टर वळवून नेतात.

मामीला पहिला अंक वाचून दाखवला. चाळकरी आले तशी ती खळखळून हसली, "अगदी आपले भाऊबंद!" मग गप्प झाली.

"त्याच्या बायकोला विचारलं का गं कुणी, कुठं जाळायचं ते?"

मी पानं मागे उलटत राहिले.