चार हात जमीन

आषाढ शुद्ध चतुर्दशी जवळ आली की आमच्या घरात सासूबाईंची वही बाहेर निघते. चातुर्मासात काय खायचं नाही, काय सोडायचं, सगळं त्यात लिहिलेलं. पालेभाज्या बंद, हे आम्हा सगळ्यांनाच. पण एक व्रत फक्त त्यांचं आहे, देशव्रत. दिवाळीपर्यंत ठरवलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दक्षिणेची त्यांची हद्द म्हणजे कात्रजचा घाट. पावसाळ्यात जमिनीवर जीव फार होतात, म्हणून मुनिमहाराज विहार थांबवतात. आपल्याला तेवढं जमत नाही, पण काहीतरी जमवावं, असं आईंचं म्हणणं.

व्रत घ्यायच्या आत सावंतवाडीला जाऊन येऊ, असं यंदा त्याच म्हणाल्या. तिथे त्यांची थोरली बहीण असते. वय ब्याऐंशी, कान पूर्ण गेलेले. फोनचा काही उपयोग नाही. समोर बसून, हात हातात घेऊनच बोलावं लागतं. त्या वयात चार महिने म्हणजे काय, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. ह्यांनी सोमवारची अर्धी रजा काढली आणि जूनच्या शेवटच्या शनिवारी आम्ही निघालो.

खरं सांगते, मला मावशींपेक्षा आंबोलीच्या पावसाची ओढ जास्त होती. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी ती एक. घाट, धुकं, धबधबे असं सगळं मी डोक्यात घेऊन बसले होते. आदल्या रात्री दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, मुगाची सुकी डाळ, उकळून गाळलेल्या पाण्याच्या चार बाटल्या. वाटेत कांदा-बटाट्याशिवाय काही मागितलं की वेटर कसा बघतो ते तुम्हाला माहीतच आहे.

सहाला निघायचं ठरलं होतं. देवळातला अभिषेक आटपून निघेपर्यंत नऊ झाले. कराडपासून पुढे महामार्गाचं काम चालू, जिथे तिथे वळवलेला रस्ता. निपाणीला आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तिथून आजऱ्याकडे वळायचं, पण आई म्हणाल्या, स्तवनिधी इतक्या जवळ आलंय, दर्शन न घेता कसं जायचं? पार्श्वनाथांचं दर्शन झालं, ब्रह्मनाथांना नारळ झाला. त्यात तास गेला. आजऱ्याला पोचेपर्यंत सहा होत आले. गाडीतच डबा उघडून जेवलो, कारण सव्वासातच्या आत आईंचं जेवण व्हायला हवं. माझंही, पण मी प्रवासात कधीकधी सवलत घेते. त्या घेत नाहीत.

आजरा सोडलं आणि जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलं. पाऊस असा की वायपर हरले. आंबोली गाव चार-पाच किलोमीटर उरलं असेल. धुक्यात दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी उडालं. मग आणखी एक. मला वाटलं वाळकी पानं. लेक पुढे वाकून म्हणाली, "बाबा, बेडूक आहेत!"

सगळा रस्ताभर. काही चालत होते, काही नुसतेच बसलेले. आणि बरेचसे आधीच्या गाड्यांखाली चपटे झालेले.

"अरे, थांब," आई म्हणाल्या.

"आई, मागे गाडी आहे. इथे कसा थांबू?"

"मग हळू चल."

हळू म्हणजे किती? ताशी दहाच्या वेगानेही चाकाखाली काय येतंय ते आत बसून दिसत नाही. मागचा हॉर्न वाजवत पुढे गेला. हे वैतागले. "आपण थांबलो म्हणून काय होणार आहे? आत्ता तो गेलाच ना त्यांच्यावरून!"

"त्याचा हिशेब मला द्यायचा नाही."

माझं डोकं दुखत होतं. मी मनातून ह्यांच्याच बाजूची होते. पुण्यापासून इथपर्यंत आपण महामार्गावर काय काय चिरडत आलो, समोरच्या काचेवर किती चिलटं चिकटली, ते कुठे मोजलं? पण आई दार उघडून छत्रीसह उतरल्यासुद्धा होत्या. मोबाइलची बॅटरी लावून त्या गाडीच्या पुढे चालू लागल्या. मुनिमहाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. पिंछीऐवजी हातात छत्री, इतकाच फरक. लेकीने वहीचा पुठ्ठा फाडला आणि ती आजीच्या मागे धावली. पुठ्ठा हळूच खाली सरकवायचा, बेडूक उचलायचा, कडेच्या गवतात सोडायचा. मला बेडकांची भीती वाटते, मी आतच बसून राहिले. शेवटी ह्यांनीही धोक्याचे दिवे लावले आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत उभे राहिले.

आंबोलीत पोचायला पाऊण तास लागला. पुढे सावंतवाडी तीसेक किलोमीटर, सगळा उतरता घाट. आईंनीच सांगितलं, "रात्री नको. इथेच राहू."

बहिणीसोबतची एक संध्याकाळ त्यांनी स्वतःच सोडली होती. मावशींच्या सुनेला फोन लागला तोवर साडेसात होऊन गेले होते.

ज्या लॉजवर राहिलो, तिथल्या मुलाने लेकीला सांगितलं की इथला एक पिवळ्या पट्ट्यांचा बेडूक आंबोलीच्या आसपासच सापडतो. मी नंतर वाचलं. शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं ते 2009 मध्ये, आणि वाघासारख्या पट्ट्यांवरून टायग्रिना म्हटलं. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि त्याच्या संकटांत रस्त्यावरची वाहनंही येतात. आम्ही उचललेल्यांत तो होता का, देव जाणे. आईंना ते सांगितलं तर म्हणाल्या, "दुर्मिळ असो नाहीतर साधा, पंचेंद्रिय जीव आहे."

सकाळी नऊला मावशींकडे पोचलो. सुनेने चहा देता देता सांगितलं, काल सूर्यास्तापर्यंत त्या ताट वाढून तुमची वाट बघत बसल्या, आणि मग सूर्य मावळला म्हणून जेवल्याच नाहीत. आईंचा चेहरा एकदम उतरला. नऊला निघालो नसतो, स्तवनिधीला तास घालवला नसता, तर वेळेत पोचलो असतो, हे त्यांनाही कळत होतं. बेडकांचं तर पुढचं.

त्या मावशींच्या पायाशी बसल्या. मावशींनी खुणेनेच विचारलं, रात्री का नाही आलात? आईंनी आपला तळहात जमिनीवर ठेवला, बोटं आकसली आणि टुणकन उडवून दाखवली. एकदा, दोनदा. मग बोटं मोजून, इतके, इतके. मावशींना आधी कळेना. कळलं तेव्हा तोंडाला पदर लावून त्या अशा हसायला लागल्या की सून स्वयंपाकघरातून धावत आली. मग त्यांनीही आपला सुरकुतलेला हात जमिनीवर ठेवला आणि दोघी बहिणी बराच वेळ फरशीवर बेडूक उडवत बसल्या.