मुंबईपेक्षा लांबचा राउटर

‘नेट येईना गेलंय.’ दिवेलागणीनंतर ताडकळसमध्ये हे वाक्य घराघरातून ऐकू येतं, आणि त्यापुढे कुणी काही विचारत नाही. राउटर बंद करून चालू करायचा, फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसायचं आणि नाहीच जमलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा, एवढंच आमच्या हातात.

मी शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन यांत हयात गेली. कॉम्प्युटरशी गाठ पडली ती मुलीमुळे. बारावीनंतर नीटची तयारी तिनं घरूनच करायचं ठरवलं. लातूरला नाहीतर नांदेडला ठेवायचं म्हणजे क्लासची फी, खोलीभाडं, मेस. तेवढी ऐपत नव्हती. जुना लॅपटॉप मिळाला, फायबरचं कनेक्शन घेतलं आणि ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. संध्याकाळच्या लाइव्ह क्लासमध्ये सरांचा आवाज तुटला, फळा मध्येच गोठला की ती काही बोलायची नाही, नुसती वही मिटून ठेवायची. माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. पोरीचं वर्ष त्या एका वायरवर लटकलेलं होतं.

तक्रारीचा फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, “लाल दिवा लागलाय का?” नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, “मग आमच्याकडून सगळं ओके आहे.” राउटरवरचे दिवे हिरवे आणि क्लास मात्र बंद. यावर काय बोलायचं तेच कळायचं नाही.

माझा भाचा पुण्यात नेटवर्कच्या कामात आहे. एकदा त्यानं फोनवरच मला लॅपटॉपसमोर बसवलं. “मामा, विंडोजचं बटण दाबून धरा अन् आर दाबा. चौकट आली? तिच्यात सी, एम, डी लिहा अन् एंटर मारा.” मारलं, आणि सगळी काळी खिडकी उघडली. ना बटण, ना चित्र. वरच्या कोपऱ्यात दोन ओळी आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. माझा हात की-बोर्डवरून आपोआप मागे आला. म्हटलं, “अरे, ह्यात काही भलतंच दाबलं गेलं अन् पोरीचं सगळं पुसून गेलं तर?” तो म्हणाला, “मामा, आपण आज जे लिहिणार आहोत ते नुसते प्रश्न आहेत. प्रश्न विचारल्यानं काही पुसत नाही.” हे वाक्य मला फार उपयोगी पडलं.

पहिला प्रश्न, आयपीकॉन्फिग. एक-एक अक्षर त्यानं सांगितलं, मी एका बोटानं शोधून दाबलं. एंटर मारल्यावर भराभर ओळी वर सरकल्या. तो म्हणाला, बाकी सगळं सोडा, फक्त दोन ओळी शोधा: आयपीव्ही-४ ॲड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे. पहिली म्हणजे आपल्या लॅपटॉपचा नंबर, दुसरी म्हणजे राउटरचा. माझ्याकडे गेटवेपुढे १९२.१६८.१.१ होतं. तो लगेच म्हणाला, माझ्याही घरी हेच आहे. मी गोंधळलो, एकच नंबर पुण्यात आणि ताडकळसमध्ये कसा? मग त्यानं सांगितलं की १९२.१६८ नं सुरू होणारे नंबर घरातल्या घरात वापरण्यासाठी राखून ठेवलेले आहेत, ते उंबऱ्याबाहेर चालत नाहीत. १९९६ सालापासूनचा हा नियम आहे, म्हणून जगातल्या कितीतरी घरांत हेच आकडे सापडतात. लॅपटॉपच्या नंबराच्या जागी १६९.२५४ नं सुरू होणारा नंबर दिसला तर समजायचं की लॅपटॉपनं राउटरकडे नंबर मागितला, उत्तर आलं नाही आणि त्यानं स्वतःच एक लावून घेतला. म्हणजे गडबड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्येच.

दुसरा प्रश्न पिंग. पिंग लिहून पुढे राउटरचा नंबर टाकायचा. लॅपटॉप चार छोटे निरोप पाठवतो आणि प्रत्येकाचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते छापतो. मुलगी बसते त्याच खोलीतून आम्ही हे केलं. पहिलं उत्तर ३८० मिलिसेकंदांत आलं. दुसरं ९. तिसऱ्याच्या जागी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. चौथं ५१०.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, लॅपटॉप उचला अन् राउटरपाशी ओसरीत जाऊन हेच परत करा.” केलं. २, १, २, २. त्याच जागेवरून मग ८.८.८.८ ला पिंग करायला लावलं. हा गुगलचा सार्वजनिक नंबर, २००९ पासून चालू आहे, आणि बाहेरचा रस्ता उघडा आहे का ते बघायला जगभर वापरतात. उत्तरं आली २४, २३, २५, २३.

मग त्यानं हिशेब मांडला. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन हजार किलोमीटर धरले तरी नुसत्या धावण्याला पाच मिलिसेकंद पुरेत. तार काही सरळ जात नाही, वाटेत यंत्रं लागतात, म्हणून वीस-पंचवीस ठीक. पण घरातल्या घरात, ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत, पाचशे? आमच्या पोरीला स्वतःच्या घरातला राउटर मुंबईपेक्षा लांब पडत होता! तो आकडा बघून मी खरोखर हललो. इतके महिने ‘नेट’ म्हणून जे काही म्हणत होतो, त्यातला निम्मा त्रास आमच्या दोन खोल्यांमधला होता.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमचं घर जुनं, माळवदाचं. मधली भिंत दगडमातीची, हातभर जाड. वायफायच्या लहरींना अशी भिंत पार करणं जड जातं, त्यातही पाच गिगाहर्ट्‌झच्या जोरदार वायफायला २.४ पेक्षा जास्त. काळ्या खिडकीत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ असं लिहिलं की सिग्नल किती टक्के आहे ते कळतं. आतल्या खोलीत ३१ टक्के, ओसरीत ९८. आम्ही परभणीहून लॅनची तार आणली, दाराच्या चौकटीच्या कडेनं आत नेली आणि लॅपटॉपला थेट जोडली. नंतरचा पिंग होता एक मिलिसेकंदाहून कमी.

इथं मला त्या माणसाबद्दल सांगायचंय ज्यानं हे पिंग लिहिलं. माइक मूस हा अमेरिकन सैन्याच्या एका संशोधन प्रयोगशाळेत कामाला होता. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागायला लागलं, तेव्हा बिघाड शोधण्यासाठी त्यानं एका संध्याकाळीत हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. २००० साली तो रस्ता अपघातात गेला. चाळीस वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच अडचणीत सापडलेल्या माणसानं लिहिलेली ती चार अक्षरं आज पूर्णा तालुक्यातल्या एका घरात तशीच्या तशी चालतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. असं अवजार फुकट मिळावं आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांनाही ते माहीत नसावं, याचं वाईटही तितकंच वाटतं.

तार टाकल्यावर क्लास बरेच दिवस नीट चालले. मृगाचं वारं सुटलं आणि पुन्हा खोळंबा सुरू झाला. आता मात्र राउटर दोषी नाही हे दाखवता येत होतं. भाच्यानं सांगितलेली ही युक्ती मी सगळ्यांना शिकवतो: काळ्या खिडक्या दोन उघडायच्या, शेजारी-शेजारी. एकीत राउटरला पिंग, दुसरीत ८.८.८.८ ला, आणि दोन्हींच्या शेवटी ‘-टी’ लावायचा, म्हणजे आपण कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत पिंग थांबत नाही. मग नुसतं बघत बसायचं. डावीकडे ओळीमागून ओळ, एक मिलिसेकंद, एक मिलिसेकंद. उजवीकडे २३, २४, २३, आणि बाहेर वाऱ्याचा झोत आला, निंबाचा पाला सळसळला, की लागोपाठ चार-पाच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. वारा पडला की परत २३. मुलीनं वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात वारा होता की नव्हता.

तुटतंय ते घराबाहेर, एवढं कळलं. बाहेर नेमकं कुठं, यासाठी ट्रेसर्ट. कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. पाणी आलं नाही की तो चारीच्या काठाकाठानं वर चालत जातो आणि कुठल्या दारापर्यंत पाणी आहे ते बघत येतो. ट्रेसर्ट तसंच, एक-एक टप्पा, म्हणजे हॉप, तपासतं. प्रत्येक निरोपावर एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतलं प्रत्येक यंत्र त्यातून एक वजा करतं आणि ज्याच्याकडे तो शून्य होतो ते यंत्र निरोप टाकून देऊन ‘माझ्यापाशी संपला’ असं कळवतं. आधी आकडा एक ठेवून पाठवायचं, मग दोन, मग तीन. अशानं वाटेतल्या यंत्रांची नावनिशी मिळत जाते. १९८०च्या दशकाच्या शेवटी व्हॅन जेकबसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं ही तऱ्हा वापरात आणली. मला ती डोकेबाज वाटते.

आमच्या ट्रेसर्टमध्ये पहिली ओळ राउटरची. दुसरी १०० नं सुरू होणाऱ्या नंबरची. ते कंपनीचं पहिलं यंत्र, असं भाचा म्हणाला. तिसऱ्या ओळीत तीन चांदण्या. माझ्या छातीत धस्स झालं, पण त्यानं थांबवलं. काही यंत्रं निरोप पुढे सोडतात, स्वतः मात्र उत्तर देत नाहीत. चांदण्यांच्या खालच्या ओळींत उत्तरं येत असतील तर चांदण्यांकडे बघायचं नाही. वारं सुटलं तेव्हा परत चालवलं, तर दुसऱ्या ओळीपासून खाली सगळ्या चांदण्याच. म्हणजे घर आणि कंपनीचं पहिलं यंत्र यांच्यामधली तारच.

या खेपेला तक्रारीचा फोन मुलीनं केला. “राउटरला पिंग एक मिलिसेकंद आहे, तारेनं जोडलंय. वाऱ्यात दुसरा हॉप जातो. वेळा लिहून ठेवल्यात, पाठवू का?” पलीकडचा माणूस दिव्याचं विचारायचंच विसरला. दुसऱ्या दिवशी लाइनवरचा पोरगा मीटर घेऊन आला.

त्यानं राउटरमधून फायबर काढून मीटरला लावली. मीटरवर उणे २९. उणे जितकं मोठं तितका उजेड कमी, आणि घरगुती फायबरला उणे २७ च्या खाली उतरलं की भरवसा राहत नाही, असं तो म्हणाला. उजेड जवळजवळ संपला तरच लाल दिवा लागतो. अधूनमधून येणाऱ्या उजेडावर दिवा हिरवाच राहतो. मग खांबावर चढला. तिथं तार खिळ्याभोवती आवळून बांधलेली होती. काचेच्या तारेला घट्ट पीळ दिला की वळणावर उजेड बाहेर गळतो, आणि वाऱ्यानं तार ओढली की पीळ आणखी घट्ट होतो. त्यानं ती सोडवली, ऐसपैस वेटोळं घातलं, जोड नव्यानं मारला. मीटरवर उणे २१. पोरगा मन लावून काम करणारा होता. जाताना म्हणाला, “काका, असं सांगणारं गिऱ्हाईक असलं तर आमचीबी चक्कर वाया जात नाही.”

एकदा तिसराच प्रकार झाला. ८.८.८.८ ला पिंग जात होता, पण एकही साइट उघडत नव्हती. नावावरून नंबर शोधून देणारी जी व्यवस्था असते, डीएनएस, ती कंपनीकडची बंद पडली होती. एनएसलुकअप लिहून पुढे साइटचं नाव टाकलं की ते तिथल्या तिथे कळतं. राउटरमध्ये तिच्याऐवजी १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सार्वजनिक डीएनएसचे नंबर भरले, काम झालं.

आता गल्लीतली पोरं लॅपटॉप घेऊन येतात. मी त्यांना सांगतो, ‘नेट नाही’ म्हणू नका. राउटरपर्यंत आहे का, राउटरच्या पुढे आहे का, नुसतं नाव सापडत नाही का, ते आधी बघा. सरकारनं २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, पुढे तिला भारतनेट नाव दिलं. तार गावात आली, गल्लीत आली. ती कुठं तुटते हे विचारायचं ज्ञान तिच्यासोबत आलं नाही. ते प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रामपंचायतीत एका तासात शिकवता येईल.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वीज गेली की आमचा राउटर इन्व्हर्टरवर चालतो, डावीकडच्या खिडकीत एक मिलिसेकंद येत राहतं, पण थोड्या वेळानं दुसरा टप्पा गप्प होतो. कंपनीच्या पेटीतली बॅटरी तेवढाच वेळ टिकते. त्याच्या वेळा मुलीच्या वहीत आहेत. नवीन बॅटरीसाठी गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, आणि तो मंजूर होईपर्यंत ती दुसऱ्या दिवशीचे धडे पहाटेच उतरवून घेते.