हाकेचे मोल

कारवानी जातीचे एक नाठाळ पिल्लू अंबाजोगाईतील आमच्या बिऱ्हाडी आले. पंचवीस वर्षे वर्गांना शिस्त लावणाऱ्या मला त्याचे कसले भय!

एके दिवशी मोत्याने माझी नवी वहाण कुरतडली. मी हाक मारली. एरवी हाकेला पाठ दाखविणारी स्वारी त्या दिवशी शेपूट हालवीत आली, आणि मी छडी मारली. तेव्हापासून हाक ऐकताच तो बाजेखाली दडे.

घंटेमागून नेहमी अन्न आले की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे पाव्हलॉव्हचे प्रयोग मी वाचले होते. हाकेमागून मार आला तर काय होते, हे मोत्याने शिकविले.

हल्ली हाकेमागून मी भाकरीचा तुकडा देतो. काल तो दोन पावले पुढे आला. पण उत्तर चुकले म्हणून मी हसलो आणि जो पुन्हा कधीच उभा राहिला नाही, त्या विद्यार्थ्याला आता कोठून हाक मारू?